भ्यालेले लेकरू आणि घाईचा न्याय

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त घनसावंगी येथे भरलेल्या पालकसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव समितीने मजवर सोपविलेला विषय 'मुलांचे शिक्षण व आईबापांचे कर्तव्य' असा आहे. विषय मोठा आहे, आणि त्यावर आजवर इतके बोलले गेले आहे की, कर्तव्य हा शब्द कानी पडताच आईबापांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा थकवा दिसू लागतो. म्हणून समितीची क्षमा मागून मी ह्या विस्तीर्ण शेताचा एकच बांध धरून चालणार आहे. लहान मुलास शाळेचे जे भय वाटते त्याविषयी, आणि ते भय न ओळखल्यामुळे आपण मोठी माणसे एकमेकांचा जो न्याय करीत बसतो त्याविषयी मला बोलावयाचे आहे. ह्या दोन गोष्टींचा संबंध काय, असे कोणी विचारील. मला तो फार निकटचा वाटतो.

शाळेच्या भयाची थट्टा करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. सोमवारी सकाळी पोट दुखते म्हणून पोर अंथरूण सोडीत नाही. शाळेची घंटा होऊन गेली की त्याचे पोट आपोआप बरे होते. हे पाहून घरची मंडळी हसतात आणि त्यास ढोंगी ठरवितात. परंतु ज्याने ते दुखणे सोसले आहे तो जाणतो की, पोट खरोखरच दुखत असते. भय मनात उत्पन्न होते खरे, पण ते वस्तीस राहते शरीरात. आजचे वैद्यही हेच सांगतात. मी चौथीत असताना एकोणतिसाच्या पाढ्याची पाळी जवळ येऊ लागली की माझ्या तळहातांस घाम सुटे. हाच पाढा घरी चुलीपुढे बसून मी आईस घडाघडा म्हणून दाखवीत असे. वर्गात उभा राहिलो की तोंडातले शब्द कोठे जात ते देव जाणे. आमचे गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले ते एवढेच की, हा मुलगा उभा राहतो आणि बोलत नाही. आणि त्यावरून त्यांनी अनुमान काढले की, हा अभ्यास करीत नाही. अनुमान तर्कशास्त्राला धरून होते, पण ते खरे नव्हते. आपले बहुतेक न्याय ह्याच जातीचे असतात.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावोगावी पंतोजींच्या शाळा असत. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, पाढे घोकावयाचे, आणि चुकल्यास अंगठे धरून ओणवे राहावयाचे, कोंबडा व्हावयाचे किंवा छडी खावयाची, असा क्रम असे. कोठे कोठे तर मुलाचे हात बांधून त्यास आढ्याला टांगीत. छडीवाचून विद्या येत नाही अशी म्हणच पडली होती. पुढे सरकारी शाळा आल्या, खाजगी आल्या, मिशनच्याही आल्या. छडी मात्र सगळीकडे होती, आणि मिशनच्या शाळा त्यास अपवाद होत्या असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. अखेर 2009 साली मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला व 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलास मारहाण करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यासही मनाई केली आहे. हे फार चांगले झाले. परंतु छडी गेली म्हणजे भय गेले असे मानणे भोळेपणाचे होईल. 'तुझ्या बापाला तरी लिहिता येत होते का?' एवढे एक वाक्य भरल्या वर्गात उच्चारले की पुरे. त्याचा वळ कोणत्याही छडीपेक्षा अधिक काळ टिकतो.

ह्याहून निराळे असे एक भय आहे, व त्याचे नाव घेतल्यावाचून मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसास पुढे जाता येणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, वर्गात बसावयास त्यांचे निराळे गोणपाट असे व ते रोज घरून आणून परत घरी न्यावे लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी मिळे. ज्या दिवशी शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. एवढी असामान्य बुद्धी असलेल्या बालकास शाळेत पहिला धडा मिळाला तो कोणत्या वस्तूस हात लावावयाचा नाही हा! त्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक, 1855 साली, पुण्यास जोतीराव फुले ह्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' पत्राने छापला. हे पत्र आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या अमेरिकन मिशनने 1842 मध्ये अहमदनगरास सुरू केलेले. ह्या गोष्टीचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे. ज्या मुलीच्या समाजाची सावलीही लोकांस नको होती तिने लेखणी हाती धरली आणि धर्ममार्तंडांना प्रश्न विचारले. आपल्या मुलींनी हा निबंध एकदा तरी वाचावा असे मी दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी तीन-चार जणींहून अधिक वाचीत नाहीत. असो.

आपल्या मुलखाची ह्यात आणखी एक भर आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. हैदराबादेस 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवीत असे. घरी मराठी बोलणारे पोर प्राथमिक शाळेतून वर गेले की त्याचा भूगोल उर्दूत, इतिहास उर्दूत, आणि गणितही उर्दूत. उर्दू ही गोड भाषा आहे, तिच्याशी माझे वैर नाही. आपल्या मराठवाडी बोलीत तिचे शब्द मीठ पाण्यात विरघळावे तसे विरघळून गेले आहेत. पण ज्या भाषेत आईने कधी हाक मारली नाही त्या भाषेत मास्तराने प्रश्न विचारला असता जे मूल गप्प राहते, त्यास मठ्ठ म्हणणे किती सोपे आहे! डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचे मिलिंद महाविद्यालय औरंगाबादेस सुरू झाले ते 1950 मध्ये. त्यापूर्वी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी उच्च शिक्षण हा शब्दही शिरलेला नव्हता.

अशा रीतीने तीन-तीन, चार-चार पिढ्यांचे भय एखाद्या घरात साचून राहते. दिवाळीस घर सारवून निघते, पण ते भय कोनाड्यात तसेच बसलेले असते. आणि मग आपण त्या घरातील माणसाकडे पाहतो, व दोन शब्दांत त्याचा निकाल लावतो.

एक हकीगत सांगतो. ती मला आमच्या एका वयोवृद्ध मास्तरांनी, म्हणजे धर्मशिक्षकांनी, सांगितली. गावाचे नाव मी घेत नाही, कारण ती माणसे हयात आहेत. त्या गावी एक गृहस्थ होता. त्याची मुलगी हुशार, सातवी झालेली, तिला सिस्टरांच्या बोर्डिंगात जागा मिळण्यासारखी होती. बापाने एकदा शाळेत येऊन कागदावर सही करावी, एवढेच काय ते उरले होते. त्यास तीन वेळा निरोप गेले. पहिल्या खेपेस तो 'येतो' म्हणाला आणि आला नाही. दुसऱ्या खेपेस बाजारास निघून गेला. तिसऱ्या खेपेस तो वेशीपर्यंत आला आणि तेथून माघारी फिरला, असे लोकांनी पाहिले. मंडळींची सभा भरली. एक जण म्हणाला, ह्याला मुलीच्या शिक्षणाची पर्वा नाही. दुसरा म्हणाला, ह्याला आता मुलीचे लग्न उरकावयाचे आहे. तिसऱ्याने त्याच्या पिण्याविषयी काही सांगितले. ते अगदीच निराधार नव्हते. जागा दुसऱ्या मुलीस द्यावी असे ठरत आले होते.

मास्तर म्हणाले, 'आधी मी जाऊन येतो.' ते त्याच्या घरी गेले, पण विषय काढला नाही. बाजेवर बसले, चहा घेतला, जनावरांची चौकशी केली. बऱ्याच वेळाने तो गृहस्थ आपण होऊन बोलू लागला. त्याचे आईबाप ऊसतोडीस जात. तो दुसरीत असताना चार-पाच महिने फडावर राहून परत आला, तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेला होता. त्याला फळ्यासमोर उभे केले. काही आले नाही. मग त्यास दुपारपर्यंत उन्हात अंगठे धरून उभे केले. त्या अवस्थेत त्याचे कपडे खराब झाले, आणि पोरे हसली. तो जो शाळेच्या दारातून बाहेर पडला तो पुन्हा आत गेला नाही. 'मास्तर,' तो म्हणाला, 'मला त्या दारात पाऊल घालवत नाही. आणि सही म्हणाल तर मला येत नाही. मुलीच्या देखत अंगठा कसा लावू?' चाळीस वर्षांचा, मिशा असलेला, बैल आवरणारा माणूस! मास्तरांनी दुसऱ्या दिवशी कागद त्याच्या घरी नेला, व मुलगी पाण्यास गेली असता अंगठा घेतला. मुलगी बोर्डिंगात गेली. बाप शाळेच्या दारात त्यानंतरही कधी आला नाही. मुलीस भेटावयाचे झाले म्हणजे तो रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभा राही. प्यावयाचेही त्याने सोडले नाही. ही गोष्ट तुमच्यासाठी गोड करून सांगण्याची माझी इच्छा नाही.

तथापि ह्या प्रसंगी मास्तरांनी केले काय, हे पाहण्यासारखे आहे. सभेतील मंडळींपेक्षा त्यांना अधिक शास्त्र ठाऊक होते असे नव्हे. ते बाजेवर जाऊन बसले, एवढेच. आपल्याच तालुक्यातील जांब येथे 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या बालपणाची एक आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. लहानगा नारायण घरात कोठे दिसेना. शोधता शोधता तो अंधाऱ्या खोलीत एकटाच बसलेला आईस आढळला. आईने विचारले, 'काय करतोस?' त्यावर त्याने सांगितले की, आपण साऱ्या जगाची काळजी वाहत आहो. चरित्रकारांनी कथेस थोडे सोने चढविले असेल. त्याचा वाद येथे नको. माझे लक्ष त्या उत्तरापेक्षा राणूबाईंच्या प्रश्नाकडे अधिक जाते. अंधारात दडून बसलेले पोर सापडले असता शंभरातील नव्वद आया पाठीत एक धपाटा घालतील आणि मग विचारतील. त्या माउलीने आधी विचारले. ह्याच समर्थांनी पुढे दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगितली, आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खांची लक्षणे निराळी सांगितली. शिकलेला मनुष्यही मूर्ख असू शकतो, व त्याचा मूर्खपणा स्वतंत्रपणे वर्णन करण्याच्या योग्यतेचा असतो, हे त्या महापुरुषाने ओळखले होते. आम्ही सेमिनरीत दहा-दहा वर्षे घालविलेल्या माणसांनी तो समास उशाशी ठेवावा.

आता कोणी म्हणेल की, ज्याने लहानपणी भय सोसले तो मोठेपणी दुसऱ्याचे भय ओळखीलच. खेदाची गोष्ट ही की, तसे नेहमी घडत नाही. मार खाल्लेला विद्यार्थी पुष्कळदा मार देणारा शिक्षक होतो, आणि 'आम्ही नाही का सोसले?' हे त्याचे ठरलेले उत्तर असते. ह्या बाबतीत आम्हां धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे जे आश्रयदाते संत, त्या जॉन मेरी वियान्नी ह्यांचे चरित्र फार बोधप्रद आहे, आणि ते नेहमी सांगितले जाते त्याहून थोडे निराळ्या बाजूने पाहण्यासारखे आहे.

वियान्नी ह्यांचा जन्म 1786 साली फ्रान्स देशात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांचे शिक्षण जवळजवळ झालेच नाही. धर्मगुरू व्हावयाचे म्हणून विसाव्या वर्षी ते एकुली गावच्या बाले नावाच्या धर्मगुरूंकडे लॅटिन शिकावयास बसले. आणि सोबतीस कोण, तर त्यांच्याहून पुष्कळ लहान असलेली मुले! ती मुले भराभर पुढे जात, व हा वाढलेला शेतकरी शब्दाशब्दास अडखळे. एके दिवशी त्यांतील मात्यास लोरास नावाच्या मुलास इतका संताप आला की, त्याने सर्वांसमक्ष वियान्नींना मारले. वियान्नी त्या मुलापुढे गुडघे टेकून त्याचीच क्षमा मागू लागले. तो मुलगा रडला. हाच लोरास पुढे अमेरिकेत डुबुक येथील पहिला बिशप झाला. 1813 मध्ये वियान्नी लिओं शहराच्या मोठ्या सेमिनरीत गेले, पण व्याख्याने लॅटिनमध्ये. परीक्षेत त्यांना प्रश्नच उमजेनात. त्यांना घरी पाठविण्यात आले. बाले ह्यांनी धीर सोडला नाही. फ्रेंच भाषेतून पुन्हा परीक्षा घेवविली. आणि शेवटी 13 ऑगस्ट 1815 रोजी त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. मराठवाड्यातील ज्या पोराने उर्दूत भूगोल शिकला असेल त्यास वियान्नींची ती परीक्षा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

येथवरची कथा सर्वांस प्रिय आहे. ह्यापुढचा भाग आम्ही प्रवचनात सहसा सांगत नाही. 1818 साली आर्स ह्या लहानशा गावी नेमणूक झाल्यावर हेच वियान्नी आरंभीची काही वर्षे फार कठोर होते. गुत्त्यांवर व नाचावर त्यांनी शस्त्र धरले. ज्या मुली नाचास जात त्यांस पापक्षमा देण्याचे ते कित्येक महिने नाकारीत. त्यांचे गुरू बाले हे अत्यंत साधुवृत्तीचे, परंतु कडक वळणाचे होते. त्या काळच्या फ्रान्समधील कित्येक धर्मगुरूंचे वळणच तसे होते. पुढे संत आल्फोन्स लिगोरी ह्यांची पापी माणसाकडे अधिक मायेने पाहणारी शिकवण फ्रान्समध्ये पसरली आणि ती वियान्नींनीही स्वीकारली. त्यात माझे स्वतःचे एक अनुमान घालू इच्छितो. मनुष्य दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास एका लाकडी खोपटात बसून लोकांची पापे ऐकू लागला म्हणजे काही काळाने त्यास पापाच्या पाठीमागे उभे असलेले दुसरे काही दिसू लागते. बाहेरून जो उद्धटपणा दिसतो त्याच्या पाठीमागे लाज असते. खोटे बोलण्याच्या पाठीमागे बहुधा मार चुकविण्याची जुनी सवय असते. माझ्या लहानशा अनुभवाने मी एवढे सांगू शकतो की, प्रायश्चित्त संस्कारासाठी येणाऱ्या माणसाच्या आवाजात जो कंप असतो तो आणि पाढ्यासाठी उभ्या राहिलेल्या मुलाच्या आवाजातील कंप एकच आहे. त्या आसनावर बसणाऱ्यास गुरुजींची छडी हाती घ्यावयाची की आईची चूल पुढे ठेवावयाची, हे ठरवावे लागते.

वियान्नींविषयी आणखी एक गोष्ट सांगून पुढे जातो. आसपासच्या काही धर्मगुरूंनी, हा अडाणी माणूस आत्म्यांचे मार्गदर्शन करण्यास अपात्र आहे, असा एक अर्ज त्यांच्याविरुद्ध फिरविला. फिरत फिरत तो चुकून वियान्नींच्याच हाती आला. त्यांनी त्याखाली स्वतःची सही केली व अर्ज पुढे पाठवून दिला. हा विनय होता यात शंका नाही, पण त्यात किंचित विनोदही असावा असे मला नेहमी वाटते. 1859 साली ते मरण पावले. 1925 मध्ये ख्रिस्तसभेने त्यांस संत म्हणून घोषित केले. अर्जावर सह्या करणाऱ्या धर्मगुरूंपैकी एकाचेही नाव आज तुम्हांआम्हांस ठाऊक नाही.

संत इग्नाती लोयोला ह्यांनीही तेहेतिसाव्या वर्षी, 1524 साली, बार्सिलोना शहरी मुलांच्या बाकावर बसून लॅटिनचे व्याकरण घोकले आहे. लढाईत जखमी झालेला सरदार, आणि शेजारी मिसरूड न फुटलेली पोरे! आपण अभ्यासात चुकलो तर इतर मुलांप्रमाणेच आपल्यालाही शिक्षा करावी, असे त्यांनी आपल्या गुरूंस सांगून ठेवले होते. ह्याच इग्नातींनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' ग्रंथाच्या आरंभी एक नियम घालून दिला आहे: दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लागत असेल तर तोच आधी घ्यावा, न लागेल तर तुझ्या म्हणण्याचा अर्थ काय, हे त्यालाच विचारावे, आणि चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे. आपल्या मुलखाशी ज्यांचे नाव जडले आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स तर ह्याहून मवाळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी औरंगाबादच्या प्रदेशात आले आणि खेडोपाडी, माळावर, पायी अगर घोड्यावरून हिंडले. 1977 साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला त्याचा पाया त्यांनीच घातलेला. हे संत पॅरिसला विद्यार्थी असताना, आपण कायमचे नरकास जाणार, अशा भयाने कित्येक आठवडे ग्रासले गेले होते. अन्नपाणी गोड लागेना. अखेर पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे प्रार्थना करीत असता ते भय उतरले. पुढे 1609 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी घाईने दुसऱ्याचा न्याय करण्यावर एक अख्खे प्रकरण लिहिले.

येथे एक आक्षेप येणार, व तो योग्य आहे. कोणाचाच न्याय करावयाचा नाही, तर मग मुलास वळण कसे लावावयाचे? चोरास चोर म्हणावयाचे नाही काय? दारूड्या नवऱ्यास, बायकोस मारणाऱ्यास, 'बिचारा लहानपणी भ्यालेला होता' म्हणून सोडून द्यावयाचे काय? मुळीच नाही. मार खाणाऱ्या बायकोस आधी सुरक्षित ठिकाणी नेले पाहिजे. त्या नवऱ्याच्या बालपणाची चौकशी मागाहून करता येईल. दगड हाती घेतलेल्या जमावापुढे प्रभू येशूने त्या स्त्रीस वाचविले, पण तिचे पाप हे पाप नव्हे असे तो म्हणाला नाही. कृत्यास नाव देणे हे धर्मगुरूचे, शिक्षकाचे, आईबापांचे, न्यायाधीशाचे काम आहे व ते टाळता येत नाही. प्रश्न माणसाचा आहे. 'तू आज खोटे बोललास' ह्या वाक्याने मुलास लाज वाटते आणि ते सुधारू शकते. 'तू खोटारडाच आहेस' हे वाक्य ऐकल्यावर त्यास करण्यासारखे काही उरत नाही. कुसळ आणि मुसळ ह्यांचा प्रभूचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यातही कुसळ काढूच नये असे सांगितलेले नाही, आधी दृष्टी स्वच्छ करावी असे सांगितले आहे.

आपल्या धर्मग्रामाविषयी थोडे बोलू. तुम्ही रागावणार नाही अशी आशा आहे. मिस्सेस उशिरा येणाऱ्या बाईकडे माना वळतात. वाचन करावयास सांगितले की जो तरुण खोकल्याचे निमित्त करून बाहेर जातो त्यास आपण आढ्यताखोर म्हणतो. त्यास अक्षरे उलटीसुलटी दिसत असतील ही शंका कोणास येत नाही. अशी वाचनाची अडचण असलेली मुले बुद्धीने उणी नसतात, हे आता शास्त्राने सिद्ध झाले आहे व शासनाने अशा मुलांस परीक्षेत सवलतीही दिल्या आहेत. परंतु आपल्या गावात अजून त्यांस 'ढ' हेच एक अक्षर बहाल केले जाते. जे वर्षानुवर्षे ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत त्यांच्याविषयी तर आपल्याजवळ तयार कथा असतात. त्यांपैकी काहींनी कोण्या एके काळी कोणा धर्मगुरूंचे एखादे तिखट वाक्य ऐकले होते, आणि ते अद्याप रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभे आहेत, एवढेच मी सांगू शकतो. अधिक सांगण्याची मला मुभा नाही.

जाता जाता शिक्षकवर्गास एक विनंती. साने गुरुजी 1924 पासून काही वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व तेथील छात्रालय त्यांच्याकडे होते. मुले बाहेर गेली असता ते त्यांच्या खोल्या स्वतः झाडून ठेवीत, पसरलेली भांडी-कपडे आवरून ठेवीत, आणि एक शब्दही बोलत नसत. काही दिवसांनी मुले आपण होऊनच आवरू लागली. सर्वांस हे जमणार नाही. मलाही जमेल असे मी म्हणत नाही. पण वर्गात जो गप्प उभा राहतो त्याला बसावयास सांगून, वर्ग सुटल्यावर एकट्याला तोच प्रश्न पुन्हा विचारणे, इतके कोणासही जमेल.

आता शेवटची गोष्ट, आणि ती कामाची आहे. आजच्या मंडपात काही घरे दिसत नाहीत, हे तुमच्या ध्यानी आले असेल. मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर ती कोयत्याबरोबर कारखान्यांकडे गेली आहेत. आपण येथे महोत्सवाचे गोड खात आहो आणि ती पहाटे फडात आहेत. काहींनी मुले आजीपाशी ठेवली, काहींनी बरोबर नेली. शिमगा उलटून उन्हे तापू लागली की ती परत येतील, आणि बरोबर गेलेले प्रत्येक मूल त्याच फळ्यासमोर उभे राहील. मास्तरांनी गावागावची यादी केली आहे. ती देवळाच्या पडवीत लावली आहे. ज्यांची स्वतःची मुले शिकलेली आहेत अशांनी एकेका मुलापुढे आपले नाव लिहावे. काम फार नाही. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर शाळेच्या दारापर्यंत चालत जावे, गुरुजींना दोन शब्द सांगावे, आणि महिनाभर संध्याकाळी अर्धा तास त्यास पाटीपुढे घेऊन बसावे. पाढा आला नाही तर चहा प्यावा आणि पुन्हा म्हणावा. यादी लहान आहे. काल रात्रीपर्यंत तिच्यावर चार नावे पडली होती, आणि त्यांतील एक, मला सांगावयास आनंद वाटतो, रस्त्याच्या पलीकडून मुलीस पाहणाऱ्या त्या गृहस्थाच्या मुलीचे आहे.